काट्याची ओळ फाइलपर्यंत शाबूत कशी न्यायची: लॅबव्ह्यूत वजन, जीएसएम आणि आर्द्रतेची नोंद

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या चाचणी खोलीत सिरियल पोर्टचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मॉडबसवर (उपकरणांनी आपसात बोलायची एक ठरीव पद्धत) बोलणारा तापमान-आर्द्रता मापक, दोन्ही लॅबव्ह्यूला (एनआय कंपनीचं मोजमापासाठीचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) जोडले आहेत. कटरने कापलेल्या तुकड्याचं वजन घ्यायचं, जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) काढायचा आणि फाइलमध्ये साठवायचा, एवढंच काम. पण ४५० च्या टॉवेलचा जीएसएम मधूनच ४०० दिसतो, कधी चक्क ०. फाइल एक्सेलमध्ये उघडली की सगळे आकडे एकाच रकान्यात येतात. तापमानाचं वाचन दिवसातून एखाद्या वेळी अडकतं आणि थोड्या वेळानं आपोआप सुटतं. लाइट गेली की त्या सत्रातल्या सगळ्या नोंदी जातात.

४०० आणि ० या दोन वेगळ्या चुका नाहीत. एकाच ओळीचे ते दोन तुकडे आहेत. तुमचा काटा ए अँड डी (काटे बनवणारी कंपनी) पद्धतीची ओळ पाठवतो. पोर्टवर ती रोमन अक्षरांत येते, इथे देवनागरीत लिहितो:

एसटी,+०००४.५२३  जी

पहिली दोन अक्षरं स्थितीची, मग स्वल्पविराम, मग चिन्ह आणि दशांशबिंदू धरून नऊ अक्षरांचा आकडा, मग तीन अक्षरांचं एकक (दोन मोकळ्या जागा आणि जी), आणि शेवटी न दिसणारी दोन अक्षरं: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. एकूण १७ अक्षरं. काटा २४०० बॉडवर (सेकंदाला २४०० बिट) असेल तर स्टार्ट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) आणि स्टॉप बिट धरून प्रत्येक अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. पूर्ण ओळ यायला सुमारे ७१ मिलिसेकंद लागतात.

आता तुमचा लूप दर १०० मिलिसेकंदांनी 'बाइट्स ॲट पोर्ट' विचारतो आणि जितके बाइट आले असतील तितकेच 'व्हिसा रीड'ला (पोर्टवरून वाचणारं लॅबव्ह्यूचं फंक्शन) मागतो. ओळ अर्धी आली असताना लूपची वेळ झाली, तर हातात 'एसटी,+०००४.' एवढंच पडतं. 'स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग' त्यातून ४ काढतं, कसलीही एरर देत नाही, आणि गुणिले १०० केल्यावर (तुकडा १०० चौरस सेंटिमीटरचा असतो म्हणून) जीएसएम येतो ४००. ओळ '+०००४.५' वर तुटली तर ४५० येतो. हे जास्त घातक, कारण तो आकडा खरा वाटतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या फेरीत उरलेलं '५२३  जी' येतं. त्यात स्वल्पविरामच नाही, म्हणून स्कॅन फसतं, एरर ८५ येते आणि आकड्याच्या टर्मिनलवर डिफॉल्ट ० राहतं. ती एरर 'क्लिअर एरर्स'नं पुसली असेल, तर ते ० सरळ फाइलमध्ये जाऊन बसतं.

उपाय असा: 'बाइट्स ॲट पोर्ट' फक्त 'काही आलंय का' एवढ्यासाठीच वापरा. उत्तर शून्यापेक्षा मोठं असेल तर 'व्हिसा रीड'ला १०० बाइट मागा आणि थांबायचं कुठे ते टर्मिनेशन कॅरेक्टरवर (ओळ संपल्याची खूण असलेलं अक्षर) सोडा. 'व्हिसा कॉन्फिगर सिरियल पोर्ट'मध्ये ते मुळातच चालू असतं आणि त्याची किंमत १०, म्हणजे लाइन फीड, असते. ओळीचं पहिलं अक्षर आलेलंच असतं, उरलेली ७१ मिलिसेकंदांत येणार. म्हणून टाइमआउट मूळच्या १०,००० वरून ५०० मिलिसेकंदांवर आणा, नाहीतर केबल निघाल्यावर स्टॉप बटण दाबूनही प्रोग्राम दहा सेकंद ढिम्म राहील. टाइमआउट झालाच तर एरर −१०७३८०७३३९ येते. त्या वेळी 'रीड'नं तोवर मिळालेले बाइट दिलेले असतात आणि ते बफरमधून निघून गेलेले असतात. ते अर्धवट म्हणून कच्च्या नोंदीत लिहा, आकडा काढायला देऊ नका.

काटा सतत ओळी सोडण्याच्या मोडमध्ये ठेवू नका, हे माझं ठाम मत. लूप जरा जरी मागे पडला तरी बफरमध्ये ओळी साचतात आणि पॅनवर नवा तुकडा असताना पडद्यावर मागच्याचं वजन दिसतं. काट्याला कमांड मोडमध्ये टाका. वाचण्याआधी 'व्हिसा फ्लश आय/ओ बफर'नं रिसीव्ह बफर रिकामा करा, मग 'क्यू' अक्षर आणि त्यामागे कॅरेज रिटर्न व लाइन फीड पाठवा. काटा त्या क्षणाचं वजन देतो. 'एस' पाठवलं तर तो वजन स्थिर होईपर्यंत गप्प राहतो. मला 'क्यू' बरं वाटतं, कारण काटा स्थिर होत नाहीये हे काम करणाऱ्याला पडद्यावर दिसतं. उन्हाळ्यात पंखा काट्यावर सोडलेला असतो, तेव्हा ही ओळ 'एसटी' ऐवजी सारखी 'यूएस' येत राहते, म्हणजे अस्थिर. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढून मार्ग काढू नका, काट्याला काचेचं आवरण लावा.

आता आकडा काढणं. 'स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग'मध्ये टक्का-एस, स्वल्पविराम, टक्का-एफ असं लिहिलं तर चालत नाही, कारण लॅबव्ह्यूत टक्का-एस मोकळ्या जागेपर्यंत सगळं गिळतं, स्वल्पविरामासकट. त्याऐवजी चौकटी कंसातला 'स्वल्पविराम सोडून काहीही' हा कोड वापरा, म्हणजे टक्का, उघडा चौकटी कंस, वर टोक असलेलं कॅरेट चिन्ह, स्वल्पविराम, बंद कंस. त्यापुढे स्वल्पविराम आणि टक्का-एफ. सुरुवातीला टक्का, बिंदू, अर्धविराम हे तीन चिन्हांचं त्रिकूट घाला, म्हणजे संगणकाची प्रादेशिक सेटिंग काहीही असली तरी दशांशचिन्ह बिंदूच धरलं जातं.

स्कॅनच्या आधी तीन अटी तपासा: ओळीची लांबी बरोबर १७ आहे का, शेवटचं अक्षर लाइन फीड आहे का, पहिली दोन अक्षरं ओळखीची आहेत का. 'एसटी' असेल तरच आकडा स्वीकारा. 'ओएल', म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त वजन, याकडे विशेष लक्ष द्या. त्या ओळीत '+९९९९९९९ई+१९' असा आकडा येतो आणि स्कॅनच्या दृष्टीनं तो अगदी वैध असतो. कुणी पॅनवर कोपर टेकवलं आणि ती एक ओळ सरासरीत शिरली, की त्या लॉटचा अहवाल रद्दी.

आकडा नाकारला तर ० लिहू नका, 'नॅन' ('हा आकडाच नाही' अशी खूण) लिहा आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहा: अर्धवट, अस्थिर, ओव्हरलोड. 'नॅन' असलेल्या ॲरेची सरासरीही 'नॅन' येते, म्हणून सरासरी काढताना आधी स्थितीचा रकाना बघून चाळा. आणि स्कॅनची एरर मुख्य एरर वायरला जोडून शिफ्ट रजिस्टरमधून (लूपच्या एका फेरीतली किंमत पुढच्या फेरीत नेणारी जागा) फिरवू नका. एका खराब ओळीनंतर एरर वायरवरचा प्रत्येक 'व्हिसा रीड' काम न करता पुढे जातो आणि संध्याकाळी कळतं की दुपारपासून काही वाचलंच नाही. स्कॅनची एरर तिथल्या तिथे स्थितीच्या मजकुरात बदला. पोर्टच्या एरर मात्र मुख्य वायरवरच राहू द्या.

काटा बदलाल तेव्हा एक गोष्ट नक्की आडवी येईल. अशा बऱ्याच काट्यांची मूळ सेटिंग २४०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी अशी असते. लॅबव्ह्यूची मूळ सेटिंग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही. लोक बॉड जुळवतात आणि बाकीचं विसरतात. मग गंमत बघा: पॅरिटीचा बिट आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो. ज्या अक्षराच्या बायनरीत १ ची संख्या सम आहे ते बरोबर येतं, विषम असेल त्यात १२८ मिळवले जातात. अंकांपैकी ०, ३, ५, ६, ९ स्वच्छ येतात. १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. बिंदू, अधिक चिन्ह आणि लाइन फीड ही तिन्ही सम आहेत, त्यामुळे ओळ व्यवस्थित संपते आणि टाइमआउटही होत नाही. स्वल्पविराम मात्र बिघडतो. म्हणून 'काही वजनं नीट येतात, काही नाही' अशी तक्रार आली की केबल बदलण्याआधी पॅरिटी बघा. इंडिकेटरवर उजवं क्लिक करून हेक्स डिस्प्ले लावा. १ च्या जागी ३१ ऐवजी बी१ दिसलं की निदान झालं.

यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला की पोर्ट क्रमांक बदलू शकतो. एनआय मॅक्समध्ये (जोडलेली उपकरणं दाखवणारं एनआयचं सॉफ्टवेअर) त्याला 'काटा' अशा अर्थाचं टोपणनाव द्या आणि प्रोग्राममध्ये तेच वापरा. −१०७३८०७२४६ ही एरर म्हणजे पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामनं धरून ठेवलाय. बहुतेक वेळा मागच्या वेळी तपासणीसाठी उघडलेली टर्मिनलची खिडकी तशीच राहिलेली असते.

तापमानाचं वाचन का अडकतं, ते बघू. मॉडबस आरटीयू हा मजकूर नव्हे, बायनरी आहे. दोन रजिस्टर (मापकातल्या आकडे ठेवायच्या जागा) वाचली तर उत्तर ९ बाइटांचं येतं: पत्ता, फंक्शन ३, बाइटसंख्या ४, तापमानाचे दोन बाइट, आर्द्रतेचे दोन, सीआरसीचे (चूक ओळखायच्या तपासणी-कोडचे) दोन. आकडे दहापट करून पाठवलेले असतात. खोलीचं तापमान २६.६ अंश झालं की आकडा होतो २६६, म्हणजे २५६ अधिक १०: वरचा बाइट १, खालचा बाइट १०. आणि १० म्हणजे लाइन फीड! टर्मिनेशन कॅरेक्टर चालू असल्यानं 'व्हिसा रीड' तिथेच थांबतं, नऊपैकी पाच बाइट देतं, आणि उरलेले चार पुढच्या उत्तराच्या डोक्यावर बसतात. तापमान २६.७ झालं आणि बफर साफ झाला की सगळं पुन्हा सुरळीत. भारतीय मानक आयएस ६३५९ प्रमाणे कापड कंडिशन करायचं (ठरावीक हवेत ठेवून त्यातला ओलावा स्थिर करायचा) ते २७ ± २ अंश आणि ६५ ± २ टक्के आर्द्रतेला, म्हणजे तुमचा एसी नीट चालला तर तापमान २६.६ वरून रोजच जाणार. सीआरसीचा एखादा बाइटही कधी १० असू शकतो. म्हणून मॉडबसच्या पोर्टवर टर्मिनेशन कॅरेक्टर बंद करा, बरोबर ९ बाइट मागा, सीआरसी तपासा (त्यात खालचा बाइट आधी येतो), आणि प्रत्येक प्रश्नाआधी बफर रिकामा करा. डेटाचे बाइट मोठा-आधी क्रमानं येतात आणि 'अनफ्लॅटन फ्रॉम स्ट्रिंग'चा मूळ क्रमही तोच आहे, तिथे काही बदलायला नको.

साठवणुकीकडे वळू. दोन फाइली ठेवा. पहिली कच्ची: वेळ, टॅब आणि काट्याकडून आलेली ओळ जशीच्या तशी, मग ती नाकारलेली का असेना. एका ओळीला ४५ बाइट धरले तर दिवसाच्या ५०० वाचनांना २२–२३ हजार बाइट लागतात, म्हणजे जागेचा प्रश्नच नाही. पण महिन्यानं एखाद्या निर्यातदाराच्या गिऱ्हाईकानं जीएसएमवर बोट ठेवलं, तर चूक काट्याची, प्रोग्रामची की कापडाची हे याच फाइलवरून सांगता येतं. आकडा काढण्याच्या आधी ही ओळ लिहिली गेली पाहिजे, नंतर नाही.

दुसरी फाइल निकालांची. तुम्ही वापरलेल्या 'राइट डिलिमिटेड स्प्रेडशीट'च्या तीन मूळ सवयी माहीत हव्यात. तिचा विभाजक टॅब असतो, स्वल्पविराम नव्हे. फाइलच्या नावाला सीएसव्ही लावलं तरी आत टॅबच असतात, म्हणून एक्सेल सगळं एका रकान्यात दाखवतं. 'अपेंड' बंद असतं, म्हणजे प्रत्येक लेखनात आधीची फाइल पुसली जाते. आणि आकडे तीन दशांश स्थळांपर्यंतच लिहिले जातात. उद्या चार दशांशांचा काटा आणलात तर चौथा अंक गुपचूप गळेल. शिवाय ती दर वेळी फाइल उघडते आणि बंद करते. माझा सल्ला असा की ती सोडा. सत्राच्या सुरुवातीला फाइल एकदा उघडा, 'फॉरमॅट इनटू स्ट्रिंग'नं ओळ बांधा, 'राइट टू टेक्स्ट फाइल'नं लिहा आणि लगेच 'फ्लश फाइल' करा. लाइट गेल्यावर नोंदी जातात त्या या फ्लशच्या अभावी: ओळ मेमरीतल्या बफरमध्ये असते, डिस्कवर पोचलेलीच नसते. अर्ध्या मिनिटाला एक तुकडा मोजला जातो, तिथे प्रत्येक ओळीला फ्लश केल्यानं वेग मुळीच अडत नाही.

यूपीएसला फक्त संगणक जोडून भागत नाही, काटाही जोडा. लाइट परत आली तेव्हा पॅनवर तुकडा राहिलेला असेल, तर काटा सुरू होताना त्यालाच शून्य धरू शकतो. तुकडा उचलला की वजन उणे दिसतं आणि पुढची सगळी वजनं तेवढीच कमी येतात. रिकाम्या पॅनचं वजन ०.०५ ग्रॅमच्या आत असेल तरच पुढचा तुकडा स्वीकारायचा, अशी अट घाला. त्याच अटीमुळे एकच तुकडा दोनदा नोंदला जाणंही थांबतं.

निकालाच्या ओळीत वेळ, लॉट, माग क्रमांक, वजन ग्रॅममध्ये, कटरचं क्षेत्रफळ, जीएसएम, तापमान, आर्द्रता आणि स्थिती असू द्या. नुसता जीएसएम लिहू नका. कटर १०० चौरस सेंटिमीटरचा असतो म्हणून आपण वजनाला १०० ने गुणतो, पण त्याचा व्यास ११.२८ सेंटिमीटर असला तरच. पातं झिजून किंवा नीट न बसून व्यासात १ मिलिमीटरचा फरक पडला तर क्षेत्रफळ पावणेदोन टक्क्यांनी बदलतं, ४५० च्या टॉवेलवर ८ जीएसएम. वजन आणि क्षेत्रफळ वेगळे लिहिलेले असतील तर नंतर दुरुस्त करता येतं. दोन दशांशांचा काटा असेल तर एका पायरीला १ जीएसएम सरकतो, म्हणून तीन दशांशांचा काटाच योग्य.

आर्द्रतेचा रकाना शोभेसाठी नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात हवा इतकी कोरडी असते की शेडमधून आणलेला टॉवेल तसाच कापून मोजला तर वजन खरोखरच कमी भरतं. कापसातला ओलावा कोरड्या धाग्याच्या ८ टक्क्यांवरून ५ वर उतरला, तर ४५० चा जीएसएम ४३७.५ होतो. इथे प्रोग्राम निर्दोष असतो, नमुना कंडिशन केलेला नसतो. मोजतानाची आर्द्रता त्याच ओळीत असेल तर हा वाद दोन मिनिटांत मिटतो.

वेळ नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहा. दिवस-महिना क्रमात लिहिलेली ५ जुलै दुसऱ्या सेटिंगच्या संगणकावर ७ मे होते. लॅबव्ह्यूचा टाइमस्टॅम्प १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजतो, तेही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). तो आकडा कच्चाच एक्सेलला दिला तर त्यातून तारीख निघत नाही. मागाला '५-७' असा क्रमांक दिला असेल तर एक्सेल त्याचीही तारीख करून टाकतं, आणि '००४५' मधली शून्यं खातं. अशा क्रमांकांच्या आधी अक्षर लावा. कच्ची ओळ निकालाच्या सीएसव्हीत घालायची असेल तर अवतरणचिन्हांत घाला, कारण तिच्यात स्वतःचा स्वल्पविराम आहे. पार्टीची नावं मराठीत लिहायचा मोह टाळा. लॅबव्ह्यूची स्ट्रिंग युनिकोड धरून चालत नाही, आणि देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. फाइलमध्ये रोमन कोड ठेवा आणि नावांची यादी एक्सेलमध्ये वेगळी ठेवा. आणि चालू सत्राची फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका, एक्सेल ती अडवून ठेवतं आणि लॅबव्ह्यूला लिहिता येत नाही. बघायचीच असेल तर प्रत काढून बघा.

वाचन आणि लेखन वेगवेगळ्या लूपमध्ये ठेवा, मध्ये क्यू (नोंदींची रांग; काट्याला पाठवायचं 'क्यू' अक्षर नव्हे). थांबताना क्यू लगेच सोडू नका. 'रिलीज क्यू' आधी झालं तर वाट बघत असलेल्या लूपला एरर ११२२ येते आणि क्यूत उरलेल्या नोंदी जातात. वाचणाऱ्या लूपनं शेवटी 'थांब' असा निरोप क्यूतच टाकावा. लिहिणारा लूप तिथवर पोचला की सगळं लिहून झालेलं असतं, मग फाइल बंद करा आणि क्यू सोडा.

टीडीएमएस (एनआयचा बायनरी फाइलप्रकार) फाइल या कामाला नको. सूत ताकदमापकाचा आलेख सेकंदाला हजार बिंदूंनी साठवायचा असेल तेव्हा ती खरी उपयोगी. तिथेही एकेक बिंदू लिहिलात तर फाइलचे असंख्य तुकडे होऊन ती फुगते; 'एनआय_मिनिममबफरसाइझ' हा गुणधर्म हजारावर ठेवा किंवा हजार बिंदू जमवून एकदम लिहा.

हे सगळं बसवल्यावर काटा जोडण्याआधी आकडा काढणारा भाग वेगळ्या सबव्हीआयमध्ये (लॅबव्ह्यूतला उपप्रोग्राम) घ्या आणि हातानं लिहिलेल्या ओळी त्याला द्या. पूर्ण 'एसटी' ओळ दिली की ४.५२३ आणि 'ठीक' आलं पाहिजे. '+०००४.' वर तोडलेली आणि नुसती '५२३  जी' दिली की दोन्हींना 'नॅन' आणि 'अर्धवट'. 'यूएस'ला 'अस्थिर', 'ओएल'ला 'ओव्हरलोड'. उणे वजनाची 'एसटी' ओळ आणि पूर्ण रिकामी ओळ शेवटी द्या. उण्याला उणे आकडाच यायला हवा, रिकामीला 'अर्धवट'. या सातपैकी एकाही ओळीला ० उत्तर आलं, तर स्कॅनची एरर कुठेतरी अजून पुसली जातेय, ती जागा शोधा.